आठवी गाठ

भागरताबाई मोजायला बसली की 'एक' म्हणत नसे. ओटीच्या मुठी असोत, सुपातल्या सुपाऱ्या असोत, की आमच्या उपकेंद्राच्या पायऱ्या. पहिल्याला ती 'लाभ' म्हणायची आणि मग 'दोन, तीन' करत पुढे जायची. मी नर्स म्हणून त्या गावी नवीन रुजू झाले, त्याच दिवशी ती काठी टेकत आली, पायऱ्या चढली आणि वर येऊन म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार, पाच. पाच पायऱ्या हायेत बाई. बांधनाऱ्याले समजत होतं."

कंत्राटदाराला यातलं काही समजत असेल असं मला वाटत नव्हतं. मी नुसती हसले.

गाव एकोडीच्या पलीकडचं, लहान. चहूबाजूंनी धानाच्या बांध्या आणि पश्चिमेला एक तलाव. भागरताबाई तिथली जुनी दाई. मी गेले तेव्हा घरी बाळंतपणं होणं जवळजवळ थांबलं होतं, त्यामुळे तिनं माझ्यावर रुसायला हवं होतं. तशी ती रुसली नाही. पोटुशी बाई दिसली की तीच तिला हाताला धरून माझ्याकडे आणायची, बाहेर बाकावर बसून राहायची, आणि मूल झालं की आत येऊन त्याला पहिल्यांदा कुशीत घ्यायची. पुढचं सगळं तिचं. पाचव्या दिवशी पाचवी, सहाव्या दिवशी सटवाईची पूजा, बाराव्याला बारसं, सव्वा महिन्यानं बाळंतिणीला विहिरीवर नेणं. गावात कुणाच्याही घरी 'किती' हा प्रश्न पडला की माणूस भागरताबाईकडे धावायचा. हळद दळायला बाया किती, मांडवाला डेरी म्हणजे खांब किती, ओटीत हळकुंडं किती. ती आकडा सांगायची आणि त्यावर कुणी बोलत नसे.

तिला लिहिता वाचता येत नव्हतं. तिचा सगळा हिशेब बोटांच्या पेरांवर चालायचा. आणि घरात, चुलीमागच्या भिंतीवर, खुंटीला पांढऱ्या सुताचे धागे लटकलेले असायचे. गावातल्या प्रत्येक पोटुशीचा एक धागा. दर अमावस्येला ती त्या त्या धाग्याला एक गाठ मारायची. माझ्या रजिस्टरात तारखा असत, आठवडे असत, आणि तरीही कुणाचे दिवस भरत आले हे मी पुष्कळदा तिच्या धाग्यांवरून ताडून पाहत असे. एकदा माझीच बेरीज चुकलेली निघाली. त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात मानायला लागले.

मी मूळची कारध्याची. आमच्या घरी पाचवी, सटवाई यातलं काही नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. हे तिला कळलं तेव्हा तिनं मोठ्या कुतूहलानं विचारलं, "मंग तुमच्यात काय मोजतेत?"

"तीन शरणं, पाच शीलं," मी म्हणाले.

"तीन आन् पाच. बरे हायेत. अजून?"

"आठ अंगांचा मार्ग."

"आठ?" ती थबकली. "आठ तुमच्यात चांगला हाय?"

"चांगला म्हणजे काय, त्यावरूनच तर चालायचं."

 ती पदर सारखा करून उठली आणि वाटेनं स्वतःशीच काही पुटपुटत निघून गेली. तिला एवढं काय लागलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

तिच्याबरोबर राहून मला हसूही यायचं. सटवाईच्या पूजेला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायची रीत आहे. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. भागरताबाईला त्यासाठी माझाच पेन लागायचा. मी एकदा विचारलं, "काहून माय, यांच्या घरी पेन नाही का?"

"हाय न. पन तुया पेनानं तू पोराच्या टोच्याचं लिवते. सटवाईनंबी त्याच पेनानं लिवावं. दोघीचं लिवनं जुळलं पायजे."

आणि लगेच घरातल्यांकडे वळून, "आयकलं का? टोचा चुकवला त सटवाईचं लिवलेलं अर्धं राह्यते." त्या गावात लसीकरणाचा एकही दिवस माझा रिकामा गेला नाही. एकशे आठ नंबरच्या गाडीला ती 'माळेची गाडी' म्हणायची. जपमाळेत एकशे आठ मणी असतात, तेव्हा सरकारनं हा नंबर विचार करूनच दिला, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिघी बायका मिळून कुठं निघाल्या तर ती त्यांच्यातल्या एकीच्या हातात खडा द्यायची; तिघींनी जाऊ नये, खडा ही चौथी. सव्वाचं तर तिला वेडच होतं. सव्वा शेर, सव्वा हात, सव्वा महिना. "भरलेल्या मापावर उद्याचं थोडंसं पायजे," म्हणायची.

मला वाटायचं, किती गोड भाबडेपणा हा. ती भाबडी नव्हती, हे कळायला धानाच्या रोवणीचे दिवस उजाडावे लागले.

शेवंताबाई म्हणून एक बाई गावात होती. विधवा, कष्टाळू, जिभेची कडक. तिचा मुलगा रोशन हैदराबादेत इमारतींच्या कामावर होता, आणि सून वैशाली पहिल्यांदाच पोटुशी. त्या दिवशी दुपारी बांधीत धानाचे परे लावता लावता वैशालीला कळा सुरू झाल्या. चिखलानं भरलेल्या पायांनीच तिला उपकेंद्रात आणलं. गाडी बोलवायलाही सवड मिळाली नाही. तासाभरात मुलगी झाली. पावणेदोन किलोची, रडणं मांजरीच्या पिलासारखं.

मी तिला पुसलं, वैशालीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण घातलं आणि फोन उचलला. "भंडाऱ्याला न्यावं लागेल. लगेच."

शेवंताबाई दाराशी उभी होती. ती पुढे आली नाही. "कितवा व्हता?" तिनं विचारलं.

"आठवा चालू आहे."

तिचा चेहरा बघता बघता विझला. ती खाली बसली. "मंग कायले नेता बाई? सातव्याचं जगते. आठव्याचं जगत नाही. हे सारं जग सांगते. तिले तिथं सुया टोचून टोचून मारतीन. आपल्या घरीच जाऊ द्या तिले."

मी समजावलं. ओरडले. तीन-चार बाया जमल्या होत्या, त्याही शेवंताबाईचीच री ओढू लागल्या. वैशाली नुसती छताकडे बघत होती; आठवा ऐकल्यावर तिनंही पोरीवरचा हात सैल सोडला होता. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

तेवढ्यात बाकावरून भागरताबाई उठून आत आली. तिनं पोरीला पाहिलं, तिच्या तळव्यांवरून अंगठा फिरवला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोन म्हणते आठवा? सातवा हाय हा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या कार्डावर तारीख होती. तिच्या धाग्यावर आठ गाठी होत्या. चार दिवसांपूर्वीच मी त्या मोजल्या होत्या.

"बाईनं आठवा सांगतलं न," शेवंताबाई म्हणाली.

"बाईचा कागद चुकला. माया धागा कधी चुकला का? थांब, आनून दाखोतो तुले."

ती घरी गेली. म्हातारी एवढ्या झपाझप चालताना मी तिला कधी पाहिली नव्हती. परत येऊन तिनं धागा शेवंताबाईच्या हातात दिला. शेवंताबाईनं मोजला. सात गाठी. दुसऱ्या बाईनं मोजला. सातच. पण सातव्या गाठीच्या खाली, बोटभर अंतरावर, सूत जरासं मुरडलेलं होतं. गाठ सोडल्यावर राहते तशी मुरड. ती फक्त मी पाहिली. भागरताबाईनं माझ्याकडे एकदाच नजर टाकली. मी तोंड मिटून घेतलं.

"सातव्याचं जगते," शेवंताबाई उठली. "चाला मंग. गाडी कुठं राह्यली?" वैशालीचा हात पोरीच्या पाठीवर घट्ट झाला.

माळेची गाडी आली. वैशाली, शेवंताबाई आणि मी निघालो, तेव्हा भागरताबाईनं खाली वाकून एक खडा उचलला आणि माझ्या मुठीत दिला.  

पोरगी तिथं काचेच्या पेटीत राहिली, मग आईच्या छातीशी राहिली, आणि दिवसागणिक सावरत गेली. मी दुसऱ्या दिवशी गावी परतले. भागरताबाई पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "माय, गाठ काहून सोडली?"

 समोर बांधीत बाया ओळीनं वाकल्या होत्या, त्यांच्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "माई पयली पोरगीबी आठव्याचीच होती. सासूनं तिले सुपात ठेवली, कोपऱ्यात. म्हणे, आठव्याचं जगत नाही, जीव नोको लावू. मले पान्हा फुटला होता बाई. लुगडं भिजून जाये. पन कोनी तिले माया अंगाले लावू देल्ली नाही. तीन दिवस जगली ते. तीन दिवस, सुपात." ती थांबली. "जगत नाही म्हणतेत. ते जगत होती. आमीच जगू नाही देल्ली."

 मी म्हणाले, "आणि तरी तुम्ही आकडे मानता?"

"काहून नाही मानू? पाच सवाशिनी पायजे म्हटलं का पाच घरचे दरवाजे खोलतेत. सव्वा महिना म्हटलं म्हनून बाळंतीन घरात राह्यते. आकडा नसता त दुसऱ्या दिवशी रोवनीले धाडली असती. आकडा मानसासाठी असते बाई. जो आकडा पोराले सुपात टाकते, तो देवाचा नोहोय."

मग तिनं आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले. "पन गाठ सोडली मी. पोटुशीची गाठ सोडू नये. दाईनं सोडली त तिनं त्या हातानं पुन्हा नवं पोर घेऊ नये. माया सासूनं मले शिकवलं, तिच्या सासूनं तिले."

"असं काही नसतं, माय."

"तुयासाठी नसन," ती शांतपणे म्हणाली.

म्हणजे धागा आणायला ती घरी गेली, तेव्हाच तिला हे ठाऊक होतं. चुलीमागच्या भिंतीसमोर उभी राहून, सगळं ठाऊक असताना, तिनं ती गाठ सोडली होती.

तीन आठवड्यांनी पोरगी घरी आली. रोशनही हैदराबादहून आला. आणि मग जे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं, ते झालं. बांधीत परे लावता लावता कुणीतरी बोटं मोजली. रोशन दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आला होता. मंडई झाली आणि चौथ्या दिवशी परत गेला, तो होळीलाच उगवला. आठवा महिना धरला तर हिशेब मंडईशी बरोबर जुळत होता. सातवा धरला, तर रोशन तेव्हा हैदराबादेत होता.

गावात कुजबूज व्हायला दोन दिवस पुरले. मी कार्ड घेऊन शेवंताबाईच्या घरी गेले. रोशन ओट्यावर मान खाली घालून बसला होता. वाईट पोरगा नव्हता तो. कार्डाकडे न बघताच म्हणाला, "कागदावर काईबी लिवता येते मॅडम. भागरतामायचा आकडा चुकत नाही. लहानपनापासून आयकून राह्यलो." आत वैशाली भिंतीला टेकून बसली होती. बोलत नव्हती, जेवत नव्हती. मांडीवरची पोरगी भुकेनं किंचाळत होती, आणि वैशालीचं दूध आटत चाललं होतं.

मी तिथून सरळ भागरताबाईकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती निवडत असलेल्या लाखोरीच्या डाळीतून तिनं मान वर केली नाही. "दवाखान्यापायी राह्यलेलं बारसं कधी हाय?"

"उद्या. पण होतं की नाही..."

"होऊ दे. मी येतो."

बारशाला अंगण भरलं होतं. अर्ध्या बाया पोरीसाठी आल्या होत्या, अर्ध्या बघायला. पाळणा बांधलेला होता, पण गाणं कुणी सुरू करत नव्हतं. रोशन दूर, गोठ्यापाशी उभा. भागरताबाई आली आणि पाळण्याजवळ न जाता अंगणाच्या मधोमध उभी राहिली. कमरेची पिशवी उघडून तिनं धागा काढला.

"शेवंता, हा धागा तू मोजला होता. किती होत्या?"

"सात."

"हे पाह्य." तिनं ती मुरड बोटात धरली. "इथं गाठ होती. मी सोडली. गाठ सोडली तरी सूत सरळ होत नाही. पोरगी आठव्याची हाय. मंडईच्या चांदातली. बाईचा कागद खरा, माया शब्द खोटा."

 मग मागच्या बाजूनं एक म्हातारा म्हणाला, "मंग आजवर सांगतलेले तुये किती आकडे खोटे, भागरता?"

"एक," ती म्हणाली.

शेजारच्या बाईनं चमकून तिच्याकडे पाहिलं. भागरताबाईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "लबाडीले लाभ कोन म्हणते?"

आणि तिथंच उभी राहून, सगळ्यांसमोर, तिनं मुरडीच्या जागी गाठ मारली. दोन्ही टोकं ओढून घट्ट केली. धागा वैशालीच्या मांडीवर ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुणाकडे न बघता अंगणाबाहेर निघून गेली.

रोशन बराच वेळ गोठ्यापाशीच होता. मग चालत पाळण्यापर्यंत आला आणि खाली बसला. वैशालीकडे त्याला बघवेना. तिनं मात्र त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि पोरीला त्याच्या हातात दिलं. "घे. मोज आता बोटं," म्हणाली. तो रडायला लागला. वैशालीनं त्याला लगेच माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर कित्येक महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. पण त्या संध्याकाळी ती जेवली, आणि चार दिवसांत पोरीची भूक भागू लागली.

भागरताबाईला त्याची किंमत मोजावी लागली. लोक तिला बोलवेनासे झाले. खोटं बोललेल्या दाईचा आकडा कोण मानणार? चुलीमागच्या खुंट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. ती मला त्याबद्दल काही बोलली नाही. उपकेंद्रात येऊन बाकावर बसायची, पण मूल झाल्यावर आत येत नसे. मी एकदा एक गुटगुटीत मुलगा तिच्यापुढे धरला, तर तिनं पदराखाली हात लपवले.

दिवाळीच्या सुमारास शेवंताबाई नातीला घेऊन तिच्या दारात गेली. मी तिथंच होते.  तिनं पोरीला सरळ भागरताबाईच्या मांडीत टाकलं आणि पायाशी बसली. भागरताबाईनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले आणि तशीच ताठ बसून राहिली. पोरीनं तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला, तोंडात घातला, चोखता चोखता झोपी गेली. ती जागी होईपर्यंत म्हातारीनं तळवे जमिनीवरून उचलले नाहीत, की मांडी हलवली नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावात असंच एक मूल दिवस भरण्याआधी झालं. मी पोचण्यापूर्वीच त्यांनी गाडी बोलावली होती. आजी मला म्हणाली, "आठव्याचं हाय बाई, पन शेवंताची नात जगली न." तिला सांगणारं आता कुणी लागलं नाही. हे मी भागरताबाईला सांगितलं तेव्हा ती 'हूं' म्हणाली आणि तोंड फिरवून अंगणात कोंबड्या हाकलायला लागली.

मग माझी बदली झाली. ती गेल्याचं मला नंतर फोनवरच कळलं. भेट अशी पुन्हा झालीच नाही. पण ती गेली त्याआधीच्या संक्रांतीला मी भंडाऱ्याकडून बसनं येत होते. वैनगंगेच्या पुलावर गर्दीमुळे बस थांबली. खाली कारध्याच्या बाजूला स्नानाला बाया उतरल्या होत्या, आणि त्यांच्यात ती होती. गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचून. तिच्याहूनही म्हातारी, पार वाकलेली कुणी एक बाई पाण्याला भीत होती. भागरताबाईनं, नवं पोर धरावं तसा, एक हात तिच्या मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि तिला हळूहळू पाण्यात निजवत नेलं. काहीतरी बोलत होती तिच्याशी. वरून ऐकू येत नव्हतं. त्या म्हातारीनं डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं. मी खिडकी उघडून हाक मारणार होते. पण तेवढ्यानं तिचं लक्ष विचलित झालं असतं, म्हणून मी गप्प बसले, आणि बस पुढे सरकली.